वाळूवरची हजार वर्षांची काळी

आमच्या घरात कणीक मळायला मला मनाई आहे. सून नवी होती तेव्हा तिनं एकदा हौसेनं परात माझ्यापुढं सरकवली. माझ्या हातांनी आपोआप गोळा वळला, अंगठ्यानं पुढं ढकलत त्याची पट्टी काढली, पट्टी कुठं तुटते ते पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "पोयटा! चिकण अंश बरा आहे." बायकोनं परात ओढून घेतली. तेव्हापासून स्वयंपाकघरात माझं काम फक्त जेवायचं.

नोकरीनं लावलेली ही खोड. कुणी जन्मभर पोरं शिकवतं, कुणी सोनं घडवतं. मी जन्मभर माती चोळली. शेतीखात्यात माझं काम मातीची जात ओळखून नकाशात लिहायचं. कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं. परभणी जिल्ह्यातल्या शिवारांत मात्र मी 'मातीवाला सायेब', आणि पाठ फिरली की 'खड्डेसायेब'. या धंद्यात हारतुरे नाहीत, पण एक खड्डा मी असा खणवून घेतला, की त्याच्यात एका पोरीचं लग्न अडकलं होतं. सरकारी नोकरांपैकी किती जणांना असं सांगता येईल?

आधी खड्ड्याचं शास्त्र थोडक्यात सांगतो. माती ओळखायची तर वरवर बघून चालत नाही. वरची माती ही घरातली ओसरी. पाहुणे येणार म्हणून ती कुणीही सारवून ठेवतं. म्हणून पुरुषभर खड्डा घ्यायचा, त्याची उन्हाकडची भिंत नीट तासायची आणि तिच्यापुढं उकिडवं बसून सुरीच्या टोकानं वरून खाली टोकरत जायचं. रंग कुठं बदलतो, मुळं कुठवर गेलीत, खडे कुठं लागतात ते बघायचं. प्रत्येक थराची चिमूट पाणी लावून बोटांत चोळायची. चिकण माती लोण्यासारखी घसरते, पोयटा पिठासारखा लागतो, वाळू करकरते. गोळा वळतो का, पट्टी निघते का, पट्टीचं कडं होतं का, यावर जात ठरते. शेवटी तेजाबाचे दोन थेंब टाकायचे. चुना असेल तर माती फसफसते. ही फसफस बघायला अख्खा गाव लोटायचा. पिंगळीच्या एका म्हातारीनं तर ती पाहून नमस्कार केला, आणि मग जवळ येऊन हळूच विचारलं, "हंडा किती खाली हाय, बाबा?"

तिची चूक नव्हती. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. पळापळीत कुणी काय काय पुरून ठेवलं याच्या कथा गावोगाव ताज्या होत्या. अशा दिवसांत सरकारी माणूस येतो, शेतात पुरुषभर खड्डा घेतो, तळाशी बसून भिंत चाटल्यासारखी बघतो, आणि रिकाम्या हातानं बुजवून जातो, यावर कोण विश्वास ठेवणार? आम्ही गेल्यावर लोक तोच खड्डा पुन्हा खणत. एकानं तर मला पुढच्या वर्षी अडवून सुनावलं, "सायेब, तुमी खंदलं तितं मी आनखी खंदलं. हंडा न्हाई, पन पानी लागलं. दुसरं वावर बी बगून द्या."

मग हैदराबाद राज्य मोडलं आणि आम्ही मुंबई राज्यात आलो. साहेब बदलले, कागद बदलले. काल 'दौऱ्या'वर जाणारे आम्ही आज 'फिरती'वर जाऊ लागलो. माती तेवढी होती तीच राहिली. या बदलात पुण्याकडून आमच्यावर एक साहेब आले, दामलेसाहेब. उंच, काटकुळे, डोक्यावर सोला हॅट, आणि बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. माणूस लाखात एक होता, आणि मातीवर वेडा होता. पण कुठल्या मातीवर? वाळवंटातल्या वाळूवर! तरुणपणी राजपुतान्यात वाळवंटी मातीच्या अभ्यासाला गेले आणि मन तिथंच ठेवून आले. आता नशिबानं त्यांना आणून टाकलं परभणीत, जिथं क्षितिजापर्यंत काळीच काळी. पहिल्या दिवशी कचेरीच्या खिडकीतून बाहेर बघून ते म्हणाले, "फार छान. पण दुसरं काही आहे का?"

जेवणाच्या सुट्टीत ते मला वाळवंट शिकवायचे. "अहो, वाळू म्हणजे नुसती वाळू असं समजू नका. तुमची काळी म्हणजे एकत्र कुटुंब. कण कणाला सोडत नाही. वाळवंटी मातीत प्रत्येक कण वेगळं बिऱ्हाड करून राहतो. पाणी ओता, ते थांबणार नाही. थर शोधा, सापडणार नाहीत. थर बनायला माती एका जागी बसावी लागते, आणि ही वाऱ्याबरोबर गाव बदलते!" मग जाती सांगायचे. नदीनं आणलेली वाळू म्हणजे मिसळ, तिच्यात बारीक, जाड, गोटे, शिंपले सगळं. वाऱ्यानं आणलेली वाळू म्हणजे चाळलेला रवा, कण एकसारखे आणि गोल. त्यातही फिरती वाळू वेगळी आणि बसलेली वेगळी. "खाली खणल्यावर चुन्याचे पांढरे खडे सापडले तर समजायचं, ही वाळू इथं फार जुनी मुक्कामाला आहे. तिला आता घर मिळालंय." हे सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. मी डब्यातली भाकरी खात ऐकायचो. वाळवंट मी जन्मात पाहिलेलं नव्हतं, पण मलाही ते हवंसं वाटू लागलं होतं.

आणि एक दिवस सोनपेठ भागातला एक पटवारी कचेरीत आला आणि सहज म्हणाला, "सायेब, आमच्या तिकडं गंगेच्या काठाला वाळूची टेकडी हाय. उन्हाळ्यात वावटळीनं सरकती." गोदावरीला आमच्याकडं गंगा म्हणतात. दामलेसाहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. "सरकते? नक्की सरकते?" पटवारी घाबरला. त्याला वाटलं, टेकडी सरकणं हा गुन्हा आहे.

चैत्राचे दिवस होते. एसटीनं सोनपेठ आणि तिथून पटवाऱ्याला बरोबर घेऊन बैलगाडीनं आम्ही त्या गावात पोचलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांची ही गोष्ट आहे त्यांची लेकरं-नातवंडं तिथं आहेत आणि मला त्या गावात अजून टरबूज फुकट मिळतं. गावाची वरची शिवारं काळी, आणि उतरत जाऊन नदीच्या काठी वाळूची पट्टी. त्या पट्टीवर मुंजाजी नावाच्या शेतकऱ्याचं शेत, आणि शेताच्या अंगाला ती टेकडी. दोन माणसं उंच असेल, पण काय देखणी! वाऱ्यानं अंगावर बारीक बारीक लाटा काढलेल्या. साहेबांनी हॅट काढून हातात घेतली. आज ती टेकडी नाही. बांधकामांसाठी ट्रक भरभरून लोकांनी ती वाहून नेली, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. पण त्या दिवशी ती होती.

मुंजाजीनं टरबूज फोडून आमचं स्वागत केलं. टरबुजाची शेती कशी होते तेही त्यानं दाखवलं. वाळूत हातभर आळं करायचं, त्यात शेणखत भरायचं, बी टोकायचं आणि खालच्या ओलाव्यावर सोडून द्यायचं. साहेबांनी टरबूज खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाले, "चला, खड्डा कुठं घ्यायचा?"

इथं मला पहिली शंका आली. माझा अनुभव असा, की शेतकरी नेहमी म्हणतो, 'सायेब, माज्या वावरात नको, त्येच्या वावरात घ्या.' मुंजाजी मात्र हात धरून घेऊन चालला. "हितंच घ्या सायेब. हितं सावली हाय. हितंच माती चांगली हाय." जागा होती बाभळीखाली, खळ्याएवढी, आणि चक्क काळी. आजूबाजूला टरबुजाचे वेल, पलीकडं वाळूच वाळू, आणि मध्ये ही काळीभोर माती, फळी फिरवून सपाट केलेली.

"सायेब," मुंजाजी मला बाजूला घेऊन कुजबुजला, "आज माज्या ग्यानोबाचं नशीब तुमच्या कुदळीखाली हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. ग्यानोबा त्याचा थोरला. पालमकडच्या लिंबाजीरावांची कौसल्या, म्हणजे कौसा, या गावातल्या आत्याकडं बाळंतपणाला मदतीला आली होती. आत्याचं आणि मुंजाजीचं घर शेजारी. दोन महिने झाले, बाळ मोठं झालं, पण कौसाचा पाय गावातून निघेना आणि ग्यानोबाचा आत्याच्या दारातून. आत्यानं ओळखलं आणि भावाकडं सोयरिकीचा निरोप धाडला. लिंबाजीराव म्हणजे तीन पिढ्यांचे काळीवाले. त्यांनी निरोप पाठवला, 'मुलगा चांगला असंल. पण आमच्या घरातली पोरगी वाळूत गेलेली न्हाई. सरकारी सायेब माती बघाय येनार म्हनं. त्या दिवशी मी येतो. सायबानं काळी म्हनलं तर तिथंच सुपारी फोडू, वाळू म्हनलं तर राम राम.'

"आन् आज तो दिवस हाय," मुंजाजी म्हणाला. "ते बगा, आलेच."

लिंबाजीराव दोन भाऊबंद घेऊन बांधावरून येत होते. मोठा लाल फेटा, पांढऱ्या मिशा, हातात काठी. चालता चालता वाळूत काठी रुतली तेव्हा त्यांनी ती अशी उपसून झटकली, जणू शेणात पडली होती. टेकडीकडं बघून ते भाऊबंदाला म्हणाले, "गाढवाला लोळाय बरी हाय." मुंजाजीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. मग बाभळीखालची काळी पाहिली, तेव्हा थबकले. वाकून ढेकूळ उचललं, हातात तोललं आणि म्हणाले, "ही हितं कशी काय?"

"तेच तर बघायचंय!" दामलेसाहेब हात चोळत म्हणाले. सोयरिकीची गोष्ट त्यांच्या कानावरही नव्हती. त्यांना एवढंच दिसत होतं, की वाळूच्या टेकडीच्या अंगाला काळी माती आहे. "खणा!"

खणायला ग्यानोबा स्वतः पुढं आला. उंचापुरा, हसतमुख पोरगा. पलीकडं बांधावर बायांचा घोळका बसला होता. त्यात आत्या होती, मांडीवर बाळ, आणि आत्याच्या पाठीआड अर्धवट लपलेली कौसा. सुपारीच्या बोलणीला मुलीनं समोर यायची रीत नव्हती, पण ती काही बोलणीला आली नव्हती. ती आत्याचं बाळ सांभाळायला आली होती. असं आत्या सगळ्यांना सांगत होती.

ग्यानोबानं कुदळ उचलली आणि खणायला सुरुवात केली. खणत होता म्हणण्यापेक्षा काळीची साय काढत होता. वितभर झालं, तसा थांबला, घाम पुसला आणि गोड हसून म्हणाला, "झालं का सायेब? बगा, काळी हाय."

"अहो, कसलं झालं? पुरुषभर!" साहेब म्हणाले.

"पुरुषभर?" ग्यानोबाचं हसू ओसरलं. त्यानं बापाकडं पाहिलं. मुंजाजीनं आभाळाकडं पाहिलं. मला सगळा उलगडा त्याच क्षणी झाला. निजामाच्या काळात जमीन बघणारे लोक घोड्यावरून यायचे, घोड्यावरूनच म्हणायचे, 'काळी', 'मुरमाड', 'लिहा', आणि पुढं जायचे. या बापलेकांना वाटलं होतं, नवं सरकारही असंच बघणार. सरकार खाली उतरून पुरुषभर आत जाईल हे बिचाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

पोरगा खणू लागला. कुदळीचा दुसराच घाव खचकन आत गेला आणि काळीच्या खाली पिवळसर वाळू ढासळली. खड्डा पुरुषभर झाला, मी आत उतरून भिंत तासली, आणि काय दिसलं म्हणून सांगू! वर वितभर काळी, खाली शुद्ध वाळू, आणि मध्ये रेघ अशी, जणू सुरीनं कापलीय. निसर्ग एवढी सरळ रेघ कधी मारत नाही. माती हळूहळू बदलते, गडद, मग फिकी, मग मिश्र. ही म्हणजे पुरणपोळीवर ठेवलेली भाकरी होती.

मी मुंडी वर करून साहेबांकडं पाहिलं. साहेब स्वर्गात होते.

"नवी जात!" ते खड्ड्यात उडी मारून उतरले. "वाळवंटी वाळूवर काळीचा थर! असं वर्णन मी कुठंही वाचलेलं नाही! लिहून घ्या, लिहून घ्या! प्राचीन काळी इथं वाऱ्यानं वाळू आली, ती बसली, आणि मग गंगेला महापूर येऊन तिनं काळा गाळ वर पसरला. काय संयोग आहे! याला आपण या गावाचं नाव देऊ!"

मी भिंतीपाशी उकिडवा बसलो आणि काळीत सुरी टोचली. एक ज्वारीचं धसकट निघालं. ताजं होतं. आणि उलटं होतं. मुळं वर, कापलेलं खोड खाली. ज्वारी कितीही हट्टी असली तरी पाताळाकडं वाढत नाही. मी ते धसकट हळूच मुठीत घेतलं. वर मुंजाजी दोन्ही हात जोडून माझ्याकडं बघत होता, अगदी छातीशी, कुणाला दिसू नयेत असे. काय करावं? मातीबद्दल मी कधी खोटं बोललेलो नाही, माझ्या धंद्यात तेवढंच एक इमान. आणि खरं बोलावं तर लिंबाजीराव या पावली माघारी. मूठ वळलेलीच ठेवून मी खालचा थर बघायला लागलो. खालचा थर पळून जाणार नव्हता, पण मला दुसरं काही सुचेना.

लिंबाजीराव खड्ड्याच्या काठाशी आले. काठीवर रेलून आत वाकले. वाळू त्यांना दिसली होती, पण काळीही दिसली होती, आणि तीन पिढ्यांचा काळीवाला काळी बघितली की जरा पाघळतोच. त्यांनी घसा साफ केला.

"सायेब, तुमी शिकलेले मानसं. एक सांगा. ही काळी हितं कवाची हाय?"

मुंजाजीनं डोळे मिटून घेतले.

दामलेसाहेबांनी खड्ड्यातून मान वर केली. चेहऱ्यावर माती, डोळ्यांत पाणी, आवाज देवळातल्यासारखा. "पाव्हणे, ही काळी," ते म्हणाले, "हजार वर्षांची तरी आहे!"

आणि बांधावरून हसू फुटलं.

आधी नाकातून, दाबलेलं. मग 'हजार' असा शब्द आणि पुन्हा नाकातून. आत्यानं चिमटा काढला असावा, कारण 'आई गं' ऐकू आलं, आणि त्यानंतर बांधच फुटला. कौसा पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती, मग बोळाही निघाला आणि ती पोट धरून वाकली. "आत्या, हजार वर्सं! अगं, हजार!" आत्या दटावता दटावता स्वतःच फिसकन हसली. मांडीवरचं बाळ रडायला लागलं. बाकीच्या बाया गुडघ्यात डोकं घालून हलायला लागल्या. खड्ड्यात ग्यानोबानं कुदळीच्या दांड्यावर कपाळ टेकवलं होतं, आणि त्याची पाठ गदगदत होती.

"कौसे!" लिंबाजीराव गरजले. "हसायलीस कामून?"

कौसा उठून उभी राहिली. डोळे पुसले, ओठ घट्ट मिटले, गंभीर झाली. "आबा," ती म्हणाली, "हजार वर्सं न्हाई." आणि पुन्हा ओठ सुटले. "मंगळवारी आनली!"

"काय आनली?"

"काळी! आत्याच्या वरच्या वावरातून. बैलगाडीनं बांधापतूर, आन् तितून टोपल्यानं. मी बी वाहिली की!"

साहेबांनी भिंतीकडं पाहिलं. त्या सरळ रेघेकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी मूठ उघडली आणि धसकट त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, म्हणजे सुलट करून पाहिलं. मला वाटलं, आता माझी बदली. पण साहेब खड्ड्याच्या तळाशी मटकन बसले आणि जे हसायला लागले, की हॅट घरंगळून गेली. "मंगळवारी! अहो, मंगळवारी मी रजेवर होतो! मी रजेवर असताना महापूर आला!" मग काय विचारता! पटवारी हसला, गाडीवान हसला, लिंबाजीरावांचे भाऊबंद मिशा झाकून हसले. आयुष्यात मी बरीच संमेलनं पाहिली, पण एका खड्ड्याभोवती एवढी खुशाल माणसं पुन्हा पाहिली नाहीत.

दोनच माणसं हसत नव्हती. मुंजाजी लिंबाजीरावांच्या पायांशी वाकला होता. "चुकलं सोयरे. पोरापायी केलं. तुमाला फसवायचं मनात न्हवतं, म्हंजे व्हतं, पन तसं न्हवतं." आणि लिंबाजीरावांचा चेहरा फेट्यापेक्षा लाल झाला होता.

"उठा मुंजाजीराव," ते म्हणाले. "बोलनं झालं व्हतं. काळी तर सुपारी, वाळू तर राम राम. राम राम."

ते वळले, आणि हसू सगळ्यांच्या तोंडावर जिथल्या तिथं थिजलं. ग्यानोबा खड्ड्यात ताठ उभा राहिला. तेव्हा कुठं दामलेसाहेबांना कळलं, की आपण नुसती माती बघत नव्हतो. मी दोन वाक्यांत त्यांना सोयरीक सांगितली. साहेब धडपडत वर आले.

"थांबा, थांबा पाव्हणे! ही वाळू बघा तरी! ही नदीची मिसळ नाही, ही वाऱ्यानं चाळलेली आहे. खाली हे चुन्याचे खडे बघा." त्यांनी एका खड्यावर तेजाब टाकलं, ते चरचरून फसफसलं. "म्हणजे ही वाळू इथं बसलेली आहे, मुरलेली आहे. असली वाळू मी राजपुतान्यानंतर आज बघतोय! ही सामान्य जागा नाही!"

लिंबाजीरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सायेब, तुमचं शास्तर तुमच्यापाशी. मला येवढंच सांगा. हिच्यात ज्वारी येती का?"

साहेबांनी हातातला खडा खाली ठेवला. मातीबद्दल खोटं बोलणं त्यांनाही जमत नसे. "नाही," ते म्हणाले. "चांगली नाही येत."

"मग राम राम."

"आबा," कौसा म्हणाली.

आता ती हसत नव्हती. बांधावरून उतरून ती सगळ्यांच्या मध्ये आली होती. आत्या मागून 'अगं बये, अगं बये' करत होती.

"आबा, टोपल्या मला कुनी वाहाय लावल्या न्हाईत. काळी आनायची म्हून मीच सांगितलं ह्या सगळ्यायला. तुमी काळी बगितल्याबिगर हो म्हनला नसता."

"तू सांगितलं?"

"व्हय. आन् आता खरं सांगते. मला काळीचं भ्या वाटतंय. आपल्याकडं पाऊस लागला की मान्साला घराभाईर निगता येईना. दोन पावलं टाकली की पायाला शेर-शेर चिखुल. आई घागर घिऊन दर साली पडती. निंदाय गेलं की खुरपं निघंना आन् पाय बी निघंना. उन्हाळ्यात भेगा. लहानपनापून मला तुमी, आई, सगळे एकच सांगतेत, हळू चाल, जपून चाल, पडशील." तिनं खाली पाहिलं. "हितं पाऊस थांबला की वाट कोरडी. पाय मोकळे. आबा, हितं मला पळता येतंय!"

आणि ती पळाली! सोयऱ्यांसमोर, साहेबांसमोर, पटवाऱ्यासमोर. ओचा खोचला आणि अनवाणी थेट टेकडीवर. वाळू मागं उडत होती. अर्ध्यात घसरली, हातांवर पडली, हसली, पुन्हा उठली आणि वर पोचली. वर उभी राहून तिनं धापा टाकत आमच्याकडं पाहिलं, आणि मग बसून, लहान पोरीसारखी, घसरत खाली आली. दामलेसाहेबांनी टाळी वाजवायला हात उचलले होते, ते मी धरले.

लिंबाजीरावांनी पायातले जोडे काढले, बाजूला ठेवले आणि वाळूत चार पावलं टाकली. थांबले. परत चार टाकली. माझ्या धंद्यात माती अनेकांनी अनेक तऱ्हांनी तपासलेली मी पाहिली, पण इतक्या हळू कुणी तपासलेली नाही. मग ते पोरीजवळ गेले. ती वाळूनं माखलेली, मान खाली घालून उभी होती. त्यांनी तिच्या केसांतली वाळू झटकली.

"कौसे, तुला मी पळताना बघितलंच न्हवतं गं," ते म्हणाले.

मग मुंजाजीकडं वळले. मुंजाजी अजून हात जोडूनच उभा होता.

"मुंजाजीराव, सुपारी आना," लिंबाजीराव म्हणाले. "आन् ती काळी तेवढी जिथली तिथं नेऊन टाका. पोरगी ऱ्हाऊ द्या."